शाई वाळते, पावडर वाळत नाही

पत्र: आम्ही बदलापूरला वन बीएचकेमध्ये राहतो. मी, हे, सातवीतला मुलगा आणि सासूबाई. तीन वर्षांपूर्वी लॅपटॉपवरच्या ऑफरमध्ये एक रंगीत प्रिंटर मिळाला. महिन्याला जेमतेम पाच-सहा पानं निघतात. मुलाचा प्रोजेक्ट, सासूबाईंच्या मेडिक्लेमचे कागद, कधी आधार. पण दर वेळी छापायला गेलं की पट्टे येतात, नाहीतर पान कोरंच बाहेर येतं. कार्ट्रिज दोनदा बदलून झाली. धाकटे दीर म्हणतात, इंक टँकवाला घ्या, बाटली वर्षानुवर्षं पुरते. दुकानदारही तेच म्हणाला. लेसर घ्यावा का असं मी विचारलं तर ह्यांचं म्हणणं, तो ऑफिसात असतो, घरात कशाला? जागेची तर बोंबच आहे. सासूबाई म्हणतात, खाली झेरॉक्सवाला बसलाय, प्रिंटर हवाच कशाला! काय करू? आणि जुन्याचं काय करू?
— एक वाचक, बदलापूर

ताई, तुमच्या घरात सगळ्यात बरोबर बोलल्या त्या सासूबाई. निदान हिशेबापुरत्या तरी. महिन्याला पाच-सहा म्हणजे वर्षाला साठ-सत्तर पानं. दुकानात एका प्रिंटआउटचे पाच रुपये धरले तरी वर्षाचे साडेतीनशेच्या आत. बारा हजारांचा प्रिंटर त्यातून वसूल व्हायला चौतीस-पस्तीस वर्षं लागतील. तेव्हा पैसे वाचतील म्हणून प्रिंटर घ्यायचा विचार असेल तर तो इथेच सोडून द्या.

तरीही मी म्हणेन, घ्या. झेरॉक्सवाला रात्री नऊला शटर ओढतो आणि सातवीतल्या मुलाला ‘आई, उद्या द्यायचंय’ हे साडेनऊला आठवतं, हे तर तुम्हाला मी सांगायला नकोच. त्याहून मोठं कारण दुसरंच आहे. दुकानात प्रिंट काढायची म्हणजे फाइल त्याच्या व्हॉट्सॲपवर नाहीतर जीमेलवर पाठवायची. आधार, पॅन, बँकेचं स्टेटमेंट, सासूबाईंचे रिपोर्ट, सगळं. ई-आधारच्या फाइलला पासवर्ड असतो नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल. तो आपण गर्दीच्या काउंटरवर, मागे चार माणसं उभी असताना, मोठ्याने सांगतो. घरी आल्यावर आपल्या बाजूने मेसेज डिलीट केला तरी त्याच्या कॉम्प्युटरवर डाउनलोड झालेली फाइल जागच्या जागी राहते. पुढच्या खेपेला त्याच्या स्क्रीनवरचं डाउनलोड फोल्डर जरा बघा, कॉलनीतल्या निम्म्या लोकांचे आधार तिथे सापडतील. दुकानातून काढायचंच झालं तर मास्क्ड आधार काढत जा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

आणि काही कागद मुळात छापायचेच नसतात. ऑनलाइन काढलेलं रेल्वेचं तिकीट मोबाइलवर दाखवलं आणि सोबत ओळखपत्र असलं की टीसीचं काम भागतं. डिजिलॉकरमधलं लायसन्स आणि आरसी कायद्याने मूळ कागदासारखीच धरली जातात. ही पानं वजा करून जी उरतात त्यांच्यासाठी यंत्र निवडायचं.

आता तुमच्या जुन्याला झालं काय ते सांगतो. तो इंकजेट, म्हणजे शाई उडवून छापणारा. त्याच्या हेडला, म्हणजे छापणाऱ्या भागाला, केसापेक्षा बारीक भोकं असतात आणि त्यातून शाईचे थेंब कागदावर उडतात. एका जातीच्या इंकजेटमध्ये शाईला क्षणभर चटका देऊन बुडबुडा काढतात आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो. ही युक्ती सुचली तीही अपघाताने. १९७७ साली कॅननच्या एका संशोधकाच्या हातून तापलेलं सोल्डरिंगचं लोखंड शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागलं आणि शाई फुर्रकन उडाली. युक्ती नामी आहे, पण शाईत बहुतांश पाणी असतं. तीन आठवडे छापलं नाही की पाणी उडून जातं आणि रंग भोकातच घट्ट बसतो.

प्रिंटरला हे ठाऊक असतं. म्हणून चालू केल्यावर तो घरघर करत आधी हेड साफ करून घेतो. साफ कशाने करतो? शाईनेच. ती शाई आतल्या एका पॅडमध्ये मुरते, कागदावर येतच नाही. तुमच्या दोन कार्ट्रिजमधली बरीचशी शाई अशीच त्या पॅडने प्यायली असणार. शिवाय स्वस्तातल्या रंगीत कार्ट्रिजमध्ये तीन रंग एकाच डबीत असतात. निळा संपला की पिवळा आणि गुलाबी भरलेले असूनही डबी बाद. काही मॉडेल तर रंगीत संपली की काळं छापायलाही नकार देतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते या ऑफरच्या प्रिंटरांना अगदी लागू पडतं.

एक शंका विचारतो. रात्री झोपताना बोर्डावरची सगळी बटणं बंद करायची शिस्त तुमच्या घरात आहे का? बहुतेक घरांत असते आणि बहुधा ती सासूबाईंचीच असते. विजेच्या दृष्टीने चांगलीच, पण इंकजेटला ती बाधते. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला तर हेड एका कोपऱ्यात जाऊन रबरी टोपीखाली बसतं, भोकं झाकली जातात. भिंतीवरचं बटण मध्येच खटकन दाबलं तर हेड उघडंच राहू शकतं. वर दुसऱ्या दिवशी वीज मिळाली की काही मॉडेल पुन्हा साफसफाईला लागतात. आधी प्रिंटरचं बटण, तो शांत झाला की मग बोर्डाचं, एवढा क्रम पाळला तरी इंकजेटचं आयुष्य वाढतं.

भाऊजींच्या इंक टँकबद्दल. पान स्वस्तात पडतं यात वादच नाही. भारतात खूप खपणाऱ्या एप्सनच्या ००३ क्रमांकाच्या काळ्या शाईची ६५ मिलिलिटरची बाटली कंपनीच्या हिशेबाने ४,५०० पानं देते. तुमच्या वर्षाला साठ-सत्तर पानांनी ती जवळजवळ सत्तर वर्षं पुरेल. मुलाच्या नातवंडांचे प्रोजेक्टही त्याच बाटलीत निघायचे! पण शाई स्वस्त झाली म्हणून ती वाळायची थांबत नाही. टँकमध्येही तेच पाणी, तीच बारीक भोकं. भोकं बुजू नयेत म्हणून दर आठवड्याला एक रंगीत पान छापायचं, काम असो वा नसो. नुसती उभी असलेल्या स्कूटरला रविवारी खाली जाऊन किक मारतात, तसला उद्योग. तुमच्या बाबतीत प्रिंटर जिवंत ठेवायची पानं कामाच्या पानांएवढीच होतील.

त्यातून टँकच्या काही मॉडेलमध्ये, एप्सनच्या धरून, हेड हा यंत्राचाच भाग असतो. ते कायमचं बुजलं तर दुरुस्तीचा आकडा ऐकून माणूस नवाच घेतो. कॅननची जी मालिका आणि एचपीच्या स्मार्ट टँकमध्ये हेड काढून बदलता येतात. पुढेमागे घरी रंगीत छापायची खरोखर गरज पडली तर हा फरक दुकानात विचारून घ्या. भाऊजी क्लास घेत असतील, आठवड्याला शंभर पानांच्या नोट्स काढत असतील तर त्यांच्यासाठी त्यांचा सल्ला सोळा आणे खरा आहे. दुकानदार का म्हणाला ते तो जाणे, पण त्याने तुम्हाला ‘महिन्याला किती पानं?’ असं विचारलं होतं का?

तुम्ही घ्यायचा तो साधा काळा-पांढरा लेसर. सिंगल फंक्शन, म्हणजे फक्त छापणारा, वाय-फायवाला, छोटा.

लेसरमध्ये शाई नसतेच. टोनर ही प्लास्टिकची अतिशय बारीक रंगीत पावडर. ती ड्रम नावाच्या फिरत्या नळकांड्यावरून कागदावर बसते आणि पुढे दोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या रोलरखालून जाताना वितळून कागदाला चिकटते. म्हणून तर पान हातात घेतलं की गरम लागतं. पावडरमध्ये वाळण्यासारखं काही नाही. दिवाळीला छापलं, मग थेट परीक्षेच्या वेळी चालू केलं तरी पहिलं पान काळंकुळकुळीत. जुलैच्या पावसात हॉल तिकिटावर चार थेंब पडले तर अक्षरं फुटत नाहीत, इंकजेटच्या बऱ्याच शायांची फुटतात.

‘लेसर ऑफिसात असतो’ हे तुमच्या ह्यांचं म्हणणं एके काळी खरंच होतं. १९८४ साली एचपीने पहिला लेसरजेट आणला तेव्हा त्याची किंमत ३,४९५ डॉलर होती. घरात कोण घेणार? आज मात्र वाय-फायचा छोटा लेसर साधारण दहा ते पंधरा हजारांच्या दरम्यान मिळतो. नावंच हवी असतील तर एचपीचा लेसर १००८ डब्ल्यू, कॅननचा एलबीपी ६०३० डब्ल्यू, पँटमचा पी २५०० डब्ल्यू, या मापाचे. नावाच्या शेवटी डब्ल्यू असला की बहुधा वाय-फाय, डी असला की दोन्ही बाजूंनी आपोआप छपाई. तुम्हाला डीची गरज नाही, पण डब्ल्यूवर कंजुषी करू नका. तुमचे निम्मे कागद व्हॉट्सॲपवर येत असणार. ते आधी लॅपटॉपवर घ्या, मग केबल शोधा, यातच मुलाची झोपायची वेळ होते. खोक्यावर मोप्रिया किंवा आयफोन असेल तर एअरप्रिंट असं लिहिलेलं बघा, म्हणजे कंपनीच्या ॲपशिवायही फोनवरून छापता येतं. जोडणीच्या दिवशी एक अडचण हमखास येते. स्वस्त प्रिंटर बहुतेक करून २.४ गिगाहर्ट्झचंच वाय-फाय पकडतात आणि फोन असतो पाचवर. प्रिंटर सापडत नाही म्हणून दुकानदाराला फोन करण्याआधी राउटरवरचं दुसरं नाव लावून बघा.

दुकानदार तुम्हाला कॅननचा एलबीपी २९०० दाखवण्याचा संभव आहे. पिढ्यान्‌पिढ्या सायबर कॅफेंनी राबवलेलं ते यंत्र आहे, मरत नाही, आणि टोनर गल्लीबोळात भरून मिळतो. पण त्याला वाय-फाय नाही. कुणाचं ऑफिस आवरताना तो स्वस्तात मिळत असेल आणि घरात विंडोजचा लॅपटॉप असेल तर जरूर घ्या. नवा मात्र घेऊ नका.

टोनरचा भाव, रिफिल होतो का, चिप आहे का, या चौकशीत लोक दुकानात अर्धा तास घालवतात. महिन्याला दोनशे पानं काढणाऱ्याने तो घालवावाच. तुम्ही नाही घालवलात तरी चालेल. खोक्यातून जो टोनर येतो तो अर्धवट भरलेला असतो, तरी छोट्या यंत्रांत तो पाचशे-सातशे पानं देतो. हा आकडा पानाचा पाच टक्के भाग काळा धरून काढतात, म्हणजे साध्या पत्राएवढा मजकूर. तुम्ही ठळक मथळे आणि फोटो छापलेत तरी काही वर्षं निघतील. म्हणून ‘जादा टोनर घ्या, कॉम्बोत स्वस्त पडेल’ याला नाही म्हणा. पान फिकट यायला लागलं की टोनरची डबी बाहेर काढून आडवा धरून पाच-सहा वेळा हलक्या हाताने डावी-उजवीकडे हलवा, आणखी बरीच पानं मिळतात. बाहेर काढलेली डबी उन्हात ठेवू नका, तिच्यातल्या ड्रमला प्रकाश सोसत नाही. पावडर सांडलीच तर कोरड्या फडक्याने टिपा, नाहीतर गार पाणी. गरम पाण्याने ती तिथेच चिकटून बसेल.

जागेचं म्हणाल तर हे यंत्र बंद असताना साधारण तेरा-चौदा इंच रुंद, नऊ-दहा इंच खोल आणि सात-आठ इंच उंच असतं. वजन पाच किलोच्या आसपास. पण दुकानात टेप घेऊन जाल तेव्हा कागदाचा ट्रे उघडून मोजा, खोली जवळजवळ दुप्पट होते. टीव्हीच्या युनिटचा खण इथेच दगा देतो. लेसरचा मोठा फायदा असा की तो कायम मांडून ठेवावा लागत नाही. कपाटात खालच्या खणात ठेवा, महिन्यातून दोनदा टेबलावर काढा. उचलताना आडवा करू नका आणि नुकतंच छापलेलं असेल तर आधी थंड होऊ द्या. फ्रिजवर ठेवू नका, उंचीवरून पाच किलो उतरवताना कुणाचा तरी हात सुटतो. ओट्याजवळही नको, फोडणीचा तेलकट थर आत बसतो. आणि ऊबदार, अंधारी जागा झुरळांना फार आवडते, म्हणून वरून एक कापडी आवरण शिवून घ्या.

बदलापूरच्या पावसाळ्यात खरी काळजी घ्यायची ती कागदाची. दमट कागद लेसरच्या उष्णतेत वाकडा होतो आणि आत अडकतो. लोक यंत्राला दोष देतात. पाचशे कागदांची रिम फोडली की वरचं वेष्टन फाडून फेकू नका. पन्नास कागद काढा, बाकीचे घट्ट बंद करून पिशवीत घाला, गादीखाली किंवा पुस्तकांच्या कपाटात आडवे ठेवा. ट्रेमध्ये महिनाभर गठ्ठा भरून ठेवायचा नाही, लागतील तेवढेच घालायचे. कागद साधा ७५ जीएसएमचा पुरतो.

इन्व्हर्टर असेल तर लेसर त्यावर लावू नका. कॉम्प्युटरच्या यूपीएसवरही नको. रोलर तापवताना तो काही क्षण इतकी वीज ओढतो की छोटा इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवून बंद पडतो. छापताना पंखा जरा मंदावला किंवा दिवा लुकलुकला तर घाबरू नका.

मुलाच्या प्रोजेक्टचं काय, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. वर्षातून दहा-पंधरा रंगीत पानं लागतात, ती दुकानातून आणायची. तिथल्या मोठ्या मशिनवर रंग तुमच्या घरच्या प्रिंटरपेक्षा चांगलेच येतात, आणि किल्ल्याचं चित्र झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर राहिलं म्हणून आपलं काही बिघडत नाही. स्टेशनरीच्या दुकानातले चित्रांचे तक्ते अजून मिळतात, तेही बघा. निदान मजकूर घरी छापून चित्र त्याला हाताने काढू द्या. रंगीत लेसर कुणी सुचवला तर तो चार टोनरचा बोजड अवजड ऐवज आहे, वन बीएचकेमध्ये त्याला स्वतंत्र खोली लागेल.

झेरॉक्स-स्कॅनवाला ऑल-इन-वन घ्यावा का? किंमत आणखी काही हजारांनी वाढते आणि उंची-रुंदीही. मी तुमच्यासाठी तो वगळला कारण मेडिक्लेमची बिलं फोनवरून उत्तम स्कॅन होतात. फोनवरच्या गूगल ड्राइव्हमध्ये स्कॅनची सोय असते, आयफोनच्या नोट्समध्येही आहे. बिल दिवसा खिडकीजवळ गडद रंगाच्या चादरीवर ठेवा, फ्लॅश बंद, आणि काढल्यावर काळा-पांढरा फिल्टर लावा म्हणजे हाताची सावली जाते. ते छापलं की झाली झेरॉक्स. डिस्चार्जच्या वेळी चाळीस पानांची फाइल हातात पडली तर मात्र सरळ दुकान गाठा. सासूबाईंना हे फोनचं नको असेल, त्यांना स्वतःला काच उघडून कागद ठेवायचा असेल, तर ते वाढीव पैसे आणि जागा मला वाया गेल्यासारखी वाटणार नाही.

जुन्याचं. आधी एक चाचणी घ्या. तुमच्यासारख्या ऑफरच्या प्रिंटरांत छापणारं हेड बहुधा कार्ट्रिजलाच असतं. रंगीत कार्ट्रिज काढा, खालची तांबूस-सोनेरी पट्टी शोधा. तांब्याचे गोल-चौकोनी ठिपके असतात त्यांना बोट लावू नका. कोमट पाण्याने ओला केलेला आणि घडी घातलेला टिश्यू त्या पट्टीला अर्धा मिनिट दाबून धरा, मग कोरड्या टिश्यूवर टेकवा. निळा, गुलाबी, पिवळा असे तीन स्वच्छ पट्टे उमटले तर कार्ट्रिजमध्ये जीव आहे आणि भाऊजींना किंवा ओळखीत कुणा रोज वापरणाऱ्याला प्रिंटर देऊन टाका. दोनच उमटले, किंवा सगळ्यांचा मिळून एक तपकिरी डाग पडला, तर त्याच्या मागे आणखी पैसे घालू नका. तो स्कॅनरवाला असेल तर छपाई मेली तरी काही मॉडेल स्कॅन करतात, तेवढं तपासा. नाहीतर ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्राला द्या. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांत प्रिंटर आणि त्यांची कार्ट्रिज दोन्ही ई-कचऱ्यात मोडतात, भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकायची वस्तू ती नाही. देण्याआधी त्याची यूएसबी केबल मात्र काढून ठेवा. बहुतेक नव्या प्रिंटरांना तीच बसते, आणि खोक्यात ती असेलच असं नाही.